समुद्रापासून दूर जिवंत तिसऱ्या : बेंगळुरूतील खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीचा अभ्यास

कोकण, गोवा आणि कारवार या पट्ट्यातील आहारात तिसऱ्यांचे स्थान जुने आहे. स्थानपरत्वे त्यांना तिसऱ्या, शिवल्या, मुळे, खुबे अशी नावे असली तरी सर्वसामान्यपणे ही सर्व खाडीच्या वाळूत किंवा चिखलात अर्धवट पुरून राहणारी द्विपुट मृदुकाय प्राण्यांची कुळे होत. नोकरी-व्यवसायानिमित्त बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी व कोंकणी कुटुंबांना ती मंगळूर, कुंदापूर आणि कारवारकडून रात्रीच्या वाहनांनी येणाऱ्या मालातून मिळतात. मंगळूर ते बेंगळुरू हे अंतर साधारण ३५० किलोमीटर आहे. त्यामुळे योग्य रीतीने पाठविलेला माल सकाळी बाजारात जिवंत असू शकतो. हा माल घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत काही दिवस, काही महिने, किंबहुना कायमचा जिवंत ठेवता येईल काय, असा प्रश्न हौशी मत्स्यपालक, जिवंत मासळीची विक्री करू इच्छिणारे उद्योजक आणि काही वेळा शेतकरीही विस्तार कार्यकर्त्यांना विचारतात.

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी हेतू निश्चित होणे आवश्यक आहे. वाळू ओकविण्यासाठी तिसऱ्या एक-दोन दिवस ठेवणे हे सोपे काम असून थोड्या साहित्यात होते. त्या महिनोन्महिने जगविणे हे वेगळेच काम आहे. त्यात टाकीपेक्षा चाऱ्याचा, म्हणजे सूक्ष्म शैवालाच्या लागवडीचा, भाग मोठा आहे. या दोन कामांतील फरक लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक घरगुती प्रयत्न फसतात.

तिसरी कशी जगते

तिसरीला डोके नाही, दात नाहीत आणि अन्नाच्या शोधात फिरण्याची सोयही नाही. शिंपेच्या मागील बाजूने ती दोन नलिका बाहेर काढते. एका नलिकेतून पाणी आत येते, कल्ल्यांवरील सूक्ष्म केसांच्या हालचालीने ते पुढे सरकते, त्यातील प्राणवायू व अन्नकण घेतले जातात आणि उरलेले पाणी दुसऱ्या नलिकेतून बाहेर टाकले जाते. श्वसन आणि भक्षण ही दोन्ही कामे एकाच प्रवाहावर चालतात. मध्यम आकाराची तिसरी उघडी व निरोगी असताना तासाला साधारण एक लिटर पाणी गाळते, असे मानून हिशेब करणे सोयीचे ठरते.

खाडीत भरतीचे पाणी दिवसातून दोनदा नवा चारा घेऊन येते. टाकीत असे काही घडत नाही. १०० लिटरच्या टाकीत १० तिसऱ्या ठेवल्या तर त्या तासाला १० लिटर पाणी गाळतील. या वेगाने सुमारे ७ तासांत टाकीतील निम्मे आणि २४ तासांत साधारण नऊ-दशांश अन्नकण संपतात. हौशी पालकाला काचेसारखे नितळ पाणी हे यशाचे लक्षण वाटते. तिसरीच्या बाबतीत मात्र तेच उपासमारीचे चिन्ह असते.

ही उपासमार सहजासहजी दिसत नाही. तिसरीच्या शरीरात ग्लायकोजेनचा साठा असतो आणि त्यावर ती अनेक आठवडे तग धरते. शिंपा तेवढाच राहतो आणि मांस आटले तरी आतील पोकळी पाण्याने भरते. त्यामुळे जिवंत वजनातही फारसा फरक पडत नाही. ‘महिनाभर छान जगल्या आणि मग अचानक मेल्या’ या नेहमीच्या तक्रारीत अचानक असे काही नसते. पहिल्या दिवसापासून चाललेल्या उपासमारीचा तो शेवट असतो.

कोणती तिसरी आणली, हे प्रथम पाहावे

सर्व शिंपल्यांना एकच क्षारता मानवत नाही. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. खाडीच्या मुखाशी आढळणारी पाफिया मलबारिका ही जात तुलनेने खारे पाणी पसंत करते. मेरेट्रिक्स कास्टा ही जात क्षारतेतील मोठे चढउतार सोसते. याउलट केरळातील वेंबनाड सरोवरात मुबलक सापडणारा काळा शिंपला, व्हिलोरिटा सिप्रिनॉयडीस, हा मचूळ पाण्याचा रहिवासी असून पूर्ण समुद्री क्षारतेत टिकत नाही. बेंगळुरूच्या बाजारात कर्नाटक व केरळ या दोन्ही किनाऱ्यांचा माल येत असल्याने विक्रेत्याकडे मालाचे मूळ गाव विचारणे हा संगोपनातील पहिला टप्पा होय. खाडीमुखाजवळच्या मालासाठी दर हजारी २५ ते ३० भाग ही क्षारता सुरक्षित सुरुवात ठरते.

क्षारता जुळली नाही तर तिसरी शिंपा घट्ट मिटून घेते. मिटलेली तिसरी श्वसन करीत नाही, खात नाही आणि वाळूही ओकत नाही. घरोघरी तिसऱ्या नळाच्या गोड्या पाण्यात भिजत घालण्याची पद्धत दिसते. तिचा वाळू काढण्यास काहीच उपयोग होत नाही, उलट माल लवकर मरतो.

खरेदी आणि वाहतूक

जिवंत तिसरी बोटाने टोचली किंवा दुसऱ्या शिंपेवर हलकेच आपटली तर शिंपा मिटते. वासलेली आणि टोचूनही न मिटणारी तिसरी मेलेली समजावी. फुटक्या, दुर्गंधी येणाऱ्या आणि आत चिखल भरल्याने अवाजवी जड लागणाऱ्या तिसऱ्या बाजूला काढाव्यात.

वाहतुकीत तिसऱ्या ओलसर गोणपाटात, सावलीत आणि थंड जागी ठेवाव्यात. त्या पाण्यात बुडवून आणू नयेत, कारण साचलेल्या पाण्यातील प्राणवायू लवकर संपतो. हवाबंद प्लास्टिक पिशवीही टाळावी. बर्फ वापरायचा असल्यास तो मालाला लागू देऊ नये, कारण बर्फ वितळून होणारे पाणी गोडे असते. घरी आणल्यावर माल लगेच टाकीत न ओतता टाकीजवळ ठेवून तापमान हळूहळू जुळू द्यावे.

बेंगळुरूचे पाणी, हवा आणि उंची

शहरातील नळाचे पाणी कावेरीतून सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून आणले जाते आणि त्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरिन असतो. टाकीसाठी घेतलेल्या पाण्यात २४ तास जोरात हवा सोडावी किंवा सोडियम थायोसल्फेटने क्लोरिन काढून टाकावा. अनेक वसाहती कूपनलिकेच्या पाण्यावर अवलंबून आहेत. असे पाणी कठीण असते व त्यात नायट्रेटही असू शकते. तपासणी शक्य नसेल तर उलट-परासरण यंत्रातून गाळलेले पाणी घेणे बरे.

क्षार मिसळताना हेतूचा विचार करावा. एका रात्रीपुरती वाळू ओकवायची असेल तर लिटरला ३० ग्रॅम खडे मीठ पुरते. दीर्घ संगोपनास ते चालत नाही. समुद्राच्या क्षारांत क्लोराइड सुमारे ५५ टक्के आणि सोडियम ३१ टक्के असले तरी उरलेल्या भागातील सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम हे घटक जीवनावश्यक आहेत. शिंपा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची बनलेली असल्याने पाण्यातील कॅल्शियम व विम्लता घटली की तिची वाढ थांबते. म्हणून मत्स्यटाकीसाठी मिळणारे तयार समुद्री क्षारमिश्रण वापरावे. १०० लिटर पाण्यात साधारण सव्वातीन ते साडेतीन किलो मिश्रण घातल्यास क्षारता दर हजारी ३० च्या आसपास येते. २५ अंश सेल्सिअसला अशा पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२२ ते १.०२३ भरते. अंदाजावर न जाता हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटरने मोजमाप करावे. बाष्पीभवनाने पाणी कमी होते, क्षार मात्र टाकीतच राहतात. त्यामुळे रोजची घट गोड्या, क्लोरिनमुक्त पाण्यानेच भरावी.

उंचीचा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे एक-दशांशाने कमी असतो आणि त्याच प्रमाणात पाण्यात कमी प्राणवायू विरघळतो. २७ अंश सेल्सिअस तापमानाच्या व दर हजारी ३० क्षारतेच्या पाण्यात मंगळूरला लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावत असेल, तर बेंगळुरूत तो ६ मिलिग्रॅमच्या आसपास राहतो. त्यामुळे किनाऱ्यावरील अनुभवाने ठरलेली दाटी येथे कमी करावी, हवापंप अखंड चालू ठेवावा आणि वीज गेल्यास चालेल असा बॅटरीचा पंप जवळ बाळगावा.

हवामान मात्र बऱ्याच अंशी अनुकूल आहे. या तिसऱ्यांना २४ ते ३० अंश तापमान मानवते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५-१६ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा तापक लागतो. एप्रिलमध्ये टाकी उन्हापासून दूर ठेवली म्हणजे पुरते.

अल्पकालीन साठवण : एक ते दोन दिवस

या कामासाठी टाकीत वाळू घालू नये. तळापासून काही सेंटिमीटर वर जाळीचा मंच बसवून त्यावर तिसऱ्यांचा एकच थर पसरावा. त्यामुळे ओकलेली वाळू व विष्ठा खाली बसते आणि पुन्हा त्यांच्या शरीरात जात नाही. एक किलो मालास किमान २० लिटर पाणी घ्यावे. हवा हलकेच सोडावी, जेणेकरून तळचा गाळ ढवळला जाणार नाही. टाकी झाकून अंधार व शांतता ठेवल्यास तिसऱ्या लवकर उघडतात. वाळू बहुधा एका रात्रीत निघून जाते. माल प्रथम वर काढावा आणि मगच पाणी सोडावे. उलट क्रम केल्यास खाली बसलेला गाळ पुन्हा मालावर येतो.

वाळू निघाली म्हणजे माल खाण्यास सुरक्षित झाला असे नाही, ही बाब विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावी. गाळून खाणारा प्राणी पाण्यातील जंतूही शरीरात साठवतो. व्यापारी शुद्धीकरण केंद्रांत अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेल्या वाहत्या पाण्यात माल ठेवतात. ब्रिटनमध्ये त्यासाठी किमान ४२ तासांचा काळ रूढ आहे. एवढे करूनही विषाणू पूर्णपणे निघत नाहीत. जड धातू आणि विषारी शैवालापासून आलेले विष तर अशा अल्प मुदतीच्या शुद्धीकरणाने जातच नाही. १९८१ मध्ये तामिळनाडूत आणि १९८३ मध्ये मंगळूर परिसरात तिसऱ्या खाऊन लकवाकारक विषबाधा झाल्याच्या व माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. हे विष शिजवूनही नष्ट होत नाही. म्हणून सांडपाणी मिसळणाऱ्या किंवा पाण्याचा रंग अनैसर्गिकरीत्या बदललेल्या खाडीतील माल घेऊच नये. घरची टाकी अशा मालाला निर्दोष करू शकत नाही.

दीर्घ संगोपन : आधी शैवालाचे पीक

तिसऱ्या महिनोन्महिने ठेवायच्या असतील तर टाकी किमान सहा आठवडे आधी तयार करावी. तिसरीच्या उत्सर्गातून अमोनिया बाहेर पडतो. त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू गाळणीत वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चाचणी संचावर अमोनिया व नायट्राइट शून्य दिसेपर्यंत माल सोडू नये. पाण्याचा सामू ८.० ते ८.३ असावा. तळाशी बारीक वाळूचा १० ते १२ सेंटिमीटर थर द्यावा. तिसऱ्यांना पुरेल एवढी खोली मिळाल्यास त्या स्वतःच पुरून घेतात व केवळ नलिकांची टोके वर दिसतात. एक-दोन दिवसांत न पुरलेली तिसरी दुर्बळ समजून काढून टाकावी.

तांब्याचा स्पर्शही टाकीला होऊ देऊ नये. माशांच्या परोपजीवींवर वापरली जाणारी अनेक औषधे तांबेयुक्त असतात आणि माशाला मानवणारी मात्रा तिसरीला प्राणघातक ठरते. जुन्या टाकीत पूर्वी असे औषध वापरले असल्यास ती या कामासाठी घेऊ नये. पितळी तोट्या व जोडही टाळावेत.

आता चाऱ्याचा हिशेब. तिसरीला काही मायक्रॉन आकाराचे एकपेशीय शैवाल हवे असते. द्विपुट प्राण्यांच्या बीजोत्पादन केंद्रांत आयसोक्रायसिस व कीटोसेरॉस ही शैवाले प्रामुख्याने वापरली जातात. बाजारात सहज मिळणारे नॅनोक्लोरोप्सिस जाड पेशीभित्तीमुळे पचण्यास अवघड असते. ते पूरक म्हणून द्यावे, एकमेव चारा म्हणून नव्हे. १०० लिटरच्या टाकीत मिलिलिटरमागे ३० हजार पेशी राखावयाच्या असतील तर एकूण ३०० कोटी पेशी लागतात. मिलिलिटरला १० लाख पेशी असलेल्या दाट संवर्धनाचे हे ३ लिटर झाले. वर पाहिल्याप्रमाणे १० तिसऱ्या हा चारा एका दिवसात जवळपास संपवतात. म्हणजे रोज ३ लिटर शैवाल हवे. एक संवर्धन तयार होण्यास सहा दिवस धरले तर सहा बाटल्यांत मिळून १८ लिटर शैवाल सतत फेरपालटाने वाढवीत ठेवावे लागते. दहा तिसऱ्यांसाठी एवढा खटाटोप करण्याची तयारी असेल तरच दीर्घ संगोपनाचा विचार करावा.

शेतकऱ्याला ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. जनावर आणण्यापूर्वी वैरणीची तजवीज करावी लागते, तोच हा नियम आहे. निर्जंतुक केलेले खारे पाणी, कॉनवे माध्यमासारखे पोषकद्रव्य, स्वच्छ हवा आणि दिव्याचा प्रकाश एवढ्यावर शैवाल वाढते. आयसोक्रायसिससारख्या शैवालास २२ ते २६ अंश तापमान मानवते. बेंगळुरूची खोली बहुतांश वर्ष याच तापमानात असते, हा या शहराचा खरा लाभ आहे. प्रत्येक वेळी जुन्या बाटलीतील थोडे शैवाल ‘विरजण’ म्हणून नव्या बाटलीत टाकावे आणि एक शुद्ध बाटली कायम राखून ठेवावी.

सूक्ष्मदर्शक नसेल तर साधी कसोटी वापरावी. चारा टाकल्यावर पाण्याला फिकट तपकिरी किंवा हिरवट छटा यावी आणि काही तासांत ती उतरावी. ती दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली तर तिसऱ्या खात नाहीत, कारण शोधावे. नलिकांजवळ चिकट धाग्यांसारखे पुंजके दिसू लागले तर चारा जास्त झाला आहे. अशा वेळी तिसरी जादा कण चिकट द्रवात गुंडाळून न खाताच बाहेर टाकते. पीठ, यीस्ट किंवा दुधाची भुकटी चारा म्हणून देऊ नये. त्यांनी पोषण थोडे आणि पाण्याची नासाडी फार होते.

मेलेली तिसरी आणि नोंदवही

वाळूत मेलेली तिसरी लवकर दृष्टीस पडत नाही. ती कुजू लागली की अमोनिया वाढतो, प्राणवायू घटतो आणि शेजारच्या तिसऱ्या मिटतात. त्या मिटल्या की पाणी गाळले जात नाही आणि बिघाड आणखी वाढतो. लहान टाकीतील सर्व माल एका रात्रीत जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे. म्हणून प्रत्येक तिसरीची जागा आखून ठेवावी, सकाळ-संध्याकाळ नलिका मोजाव्यात आणि दोन वेळा न दिसलेली तिसरी उकरून तपासावी. अमोनिया आढळताच त्याच क्षारतेचे व तापमानाचे पाणी वापरून एक-तृतीयांश पाणी बदलावे.

प्रगती ओळखण्यासाठी जिवंत वजनावर विसंबू नये. शिंपेवर क्रमांक घालून दर महिन्याला व्हर्निअर मापकाने लांबी घ्यावी. कडेला नवी, फिकट वाढ दिसली तर पोषण होत आहे. मोठ्या गटात महिन्यातून एक तिसरी उकडून मांसाचे एकूण वजनाशी प्रमाण काढावे. हे प्रमाण सतत घटत असेल तर उरलेला माल जिवंत दिसत असला तरी उपाशी आहे. औषधे वा शोभिवंत मासे असलेल्या टाकीतील तिसऱ्या मात्र खाण्यासाठी वापरू नयेत.

वापरलेले पाणी

या टाकीतील १०० लिटर पाण्यात सुमारे ३ किलो क्षार विरघळलेले असतात. असे पाणी बागेत, परसात, कंपोस्ट खड्ड्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. जमीन खारवते आणि मुळे करपतात. घरगुती प्रमाणातील पाणी सांडपाण्याच्या नळीत भरपूर गोड्या पाण्याबरोबर सोडावे. व्यापारी प्रमाणावर साठवण करणाऱ्यांनी पाणी गाळून, निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याची सोय आधीच करावी.

कोणाला काय सुचवावे

जिवंत माल विकू इच्छिणाऱ्यास एक-दोन दिवसांची शुद्ध पाण्यातील साठवण, मूळ खाडीची खात्री आणि रोजची मृत मालाची निवड एवढ्यावर भर देण्यास सांगावे. शाळा, महाविद्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्रास प्रात्यक्षिकासाठी पाच-दहा तिसऱ्यांची टाकी उपयुक्त आहे. शैवालाने हिरवट झालेले पाणी तिसऱ्यांनी काही तासांत नितळ केलेले विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येते. बेंगळुरूसारख्या ठिकाणी उत्पादनाच्या हेतूने तिसऱ्या वाढविण्याचा सल्ला मात्र देऊ नये. खाडीत भरती जो चारा विनामूल्य आणते, तो येथे विकतच्या क्षारांत व विजेवर पिकवावा लागतो. समुद्रापासून दूरच्या शेतकऱ्याला द्विपुट प्राण्यांतच रस असेल तर गोड्या पाण्यातील लॅमेलिडेन्स जातीचे शिंपले आणि त्यांवर आधारित मोतीसंवर्धन हा अधिक सयुक्तिक मार्ग होय. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था त्याचे प्रशिक्षण देते.

खरेदी करताना लहान पिल्ले घेऊ नयेत, हेही ग्राहकास सांगावे. बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातील अघनाशिनी खाडीत शिंपले वेचण्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबांच्या उपजीविकेचा अभ्यास केला आहे. ही खाडी जानेवारी २०२४ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाली. केरळातील अष्टमुडी सरोवरातील तिसऱ्यांच्या मासेमारीला शाश्वत व्यवस्थापनाबद्दल २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळविणारी ती भारतातील पहिली मासेमारी होय. लहान तिसऱ्या खाडीतच राहू दिल्या तर त्यांपासून पुढचे बीज तयार होते आणि वेचणाऱ्या कुटुंबांचा पुढील हंगामही टिकतो. पिल्लांना गिऱ्हाईक नसेल तर ती वेचण्याचे कारणही उरणार नाही, आणि हे गिऱ्हाईक पुष्कळदा बेंगळुरूसारख्या दूरच्या शहरांतच असते.